बोकड गावाचा, चराई हक्काची


साहेब म्हणतो, तुमची शेळी जंगल खाते, तिची जातपण खराब. योजनेतल्या दहा शेळ्या नि एक बोकड घ्या, गोठ्यात बांधा. मग चारा विकत आणायचा कुठल्या पैशानं? आपली शेळी डोंगराच्या पाल्यावर जगते. चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये लिहिलेला आहे. सामूहिक दाव्यात चराईची जागा नावानिशी लिहा.

आणि जात कशानं बिघडते? दांडगा बोकड आपण बाजारात विकतो, मरतुकडा कळपात ठेवतो. पुढं त्याच्याच पाटी त्याच्यापासून गाभण राहतात, करडं अशक्त निघतात. ग्रामसभेत ठरवा: चांगला बोकड गावासाठी राखायचा, दर दोन वर्षांनी शेजारगावाशी बदलायचा. साहेबाला बोलायला जागा ठेवू नका!