कांगेचे खेकडे आणि कपाशीचे औषध

मृगाचा पाऊस होऊन जामनेरजवळच्या कांग नदीस नवे पाणी आले, की काठच्या बिळांतून खेकडे बाहेर पडू लागतात. रात्री बत्तीच्या उजेडात ते धरावेत व बाजारात विकावेत, हा गरीब कुटुंबांचा जुना जोडधंदा होय. त्यास कोणी नावे ठेवू नयेत. मात्र कपाशीचे कीटकनाशक बिळात किंवा डोहात ओतून खेकडे बाहेर काढण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते, ती सर्वथा त्याज्य आहे.

खेकडा आणि बोंडअळी दिसावयास कितीही भिन्न असली, तरी दोन्ही संधिपाद प्राणी आहेत. त्यामुळे बोंडअळीवर फवारले जाणारे सायपरमेथ्रिन पाण्यात अत्यल्प प्रमाणात उतरले, तरी खेकड्यास मारक ठरते. असा विषारी खेकडा गिऱ्हाइकाच्या पातेल्यात जातो आणि त्याच डोहावर गुरेही पाणी पितात.

ही हानी लवकर भरूनही येत नाही. समुद्रातील चिंबोरी लक्षावधी अंडी देते व तिची सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. नदीतील खेकडीची अंडी मोठी, पण संख्येने फार थोडी असतात. त्यांतून खेकड्याच्याच आकाराची पिले निघतात व काही काळ आईच्या पोटाखालील पडद्यात राहतात. आई मेली की पिलेही गेली. हा पडदा मादीचा रुंद व गोलसर, तर नराचा निमुळता असतो. पावसाळ्याच्या सुमारास त्याखाली अंडी वा पिले दिसल्यास ती मादी पाण्यात परत सोडावी.

खेकड्याच्या मांसात उत्तम प्रथिने, जस्त, तांबे व ब-१२ जीवनसत्त्व असून स्निग्धांश थोडा असतो. कॅल्शियम मुख्यतः कवचात असते. बारीक पाय कुटून, गाळून ते पाणी रश्श्यात घालण्याची गृहिणींची पद्धत त्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. निखाऱ्यावर अर्धवट भाजलेला खेकडा मात्र खाऊ नये. ईशान्य भारतात कच्च्या खेकड्यातून फुप्फुसकृमीचा रोग होतो आणि पुष्कळदा तो क्षय समजला जातो.

फवारणीची माहिती देताना ग्रामकार्यकर्त्यांनी हा विषय अवश्य काढावा. पंप व रिकामे डबे नदीत धुण्याबद्दलही तेव्हाच बोलावे. खेकडे धरण्यास बत्ती, आमिष लावलेली टोपली आणि सरावाचा हात एवढे पुरते, व त्यास औषधाच्या बाटलीइतका खर्चही येत नाही.