वाडी आणि वादी

परगावी नोकरीला गेलेल्या मुलाचे पत्र यावे, आईने ते तीनदा वाचावे, शेजारणीला एकदा वाचून दाखवावे आणि मग ते फडताळातल्या डब्यात जाऊन बसावे, हा क्रम आता संपला. हल्ली पत्र येत नाही, फोटो येतो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, राजोडीच्या समुद्राच्या अलीकडे, आमच्या वसई तालुक्यात वटार नावाचे गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या ज्या घरांतून मुले आखातात गेली आहेत, त्या घरांत शनिवारी-रविवारी सकाळी असा एक फोटो हमखास येतो. आणि मौज अशी की, सगळ्या घरांतले फोटो एकाच छापखान्यातून निघाल्यासारखे असतात. एक पांढरी मोटार, तिच्यामागे उघडेबोडके, तांबूस-काळे डोंगर, पुढे खांद्यावर हात टाकून उभी असलेली पाच-सहा तरुण मंडळी, डोळ्यांवर काळे चष्मे आणि एकाच्या तरी हातात चहाचा कागदी पेला.

आई फोटो पाहते आणि विचारते, ‘काही खाल्लेस का?’ वडील फोटो पाहतात आणि विचारतात, ‘गाडी कोणाची?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो ते मुलाला विचारत नाहीत, बायकोला विचारतात. कमवायला पाठवला आहे की फिरायला?

मला आज या फोटोची बाजू घ्यावयाची आहे.

गाडी कोणाची, याचे उत्तर बहुधा ‘कोणाचीच नव्हे’ असे असते. ती एका दिवसापुरती भाड्याने घेतलेली असते. दुबईत राहून नोकरी करणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांना इकडचा मोटार चालविण्याचा परवाना उपयोगी पडत नाही. तिकडे नव्याने धडे घ्यावे लागतात, परीक्षा द्यावी लागते, आणि त्यापायी काही हजार दिरहम मोजावे लागतात. म्हणून पाच जणांत परवानेवाला एखादाच निघतो. तो त्या दिवसाचा राजा. पुढची जागा त्याची, पेट्रोलची वर्गणी त्याला माफ, आणि गाणे कोणते लावायचे हेही तोच ठरविणार. बाकीचे भाडे, पेट्रोल, ‘सालिक’ नावाचा टोल आणि खाण्याचा खर्च सारख्या भागांत वाटून घेतात. दिरहमाच्या चौथ्या भागापर्यंत हिशेब होतो. वाद होतो तो फक्त दंडावरून. रस्त्यावरच्या रडारने वेग टिपला, की पावती मागाहून फोनवर येते. मग ‘पाय तुझा होता’ विरुद्ध ‘घाई तुम्हांला होती’ असा खटला पुढच्या सहलीपर्यंत चालतो. वडिलांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घातला तर त्यांना मुलाविषयी अभिमानच वाटेल. वाडीच्या उत्पन्नाचा हिशेब त्यांनी स्वतःही इतक्या काटेकोरपणे ठेवला नसेल.

पण पैशांपेक्षा निराळी एक गोष्ट आहे. तिकडे नवखा मुलगा खोली भाड्याने घेत नाही, खाट घेतो. ‘बेडस्पेस’ असा त्याला शब्दच आहे. एका खोलीत चार-सहा खाटा, प्रत्येकाची पाळी वेगळी, प्रत्येकाची भाषा वेगळी. दिवसा कचेरीत इंग्रजी, दुकानात हिंदी, आणि रात्री झोपणाऱ्याची झोप मोडू नये म्हणून कुजबूज. आठवड्याचे सहा दिवस मोठ्याने हसायला जागा नाही. मोटारीची चारी दारे लागतात तेव्हा त्या मुलांना प्रथमच आपली अशी खोली मिळते. चाकांवरची का होईना! आणि त्या खोलीत वाडवळी किंवा सामवेदी बोली मोकळी सुटते. आमच्या वसईत आळी बदलली की बोली बदलते, हे मराठी शिकवणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. गावात असताना हीच मुले कॉलेजात ती बोली लपवून ठेवीत असत.

सुट्टीचेही एक प्रकरणच आहे. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी सुट्टी पूर्वी गुरुवार-शुक्रवार असे, 2006 साली ती शुक्रवार-शनिवार झाली, आणि 2022 च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार व शुक्रवारी अर्धा दिवस अशी आली. वसईतल्या ख्रिस्ती घरांतून गेलेली जुनी मंडळी रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकत. शुक्रवार हाच त्यांचा रविवार होता. अर्थात ही दोन-अडीच दिवसांची चैन कचेरीतल्यांची. दुकानातल्या, बांधकामावरच्या माणसाला आजही पुष्कळ ठिकाणी आठवड्याचा एकच दिवस मिळतो. त्या एका दिवसात कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, झोप भरून काढायची. तेव्हा ज्या फोटोत पाच जण एकत्र दिसतात, त्यामागे पाच जणांच्या सुट्ट्या जुळविण्याची केवढी खटपट असते, हे लक्षात घ्यावे. लग्नाचा मुहूर्त काढणे त्याहून सोपे.

वडिलांच्या पिढीला ही हौस खटकते, त्याला कारणही आहे. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात आपल्या माणसांची रीघ लागली. त्या पिढीने फिरणे म्हणून काही केले नाही. दोन वर्षांनी गावी यायचे, हाच तिचा प्रवास. तिच्यातल्या पुष्कळांना तिकडचा लांबचा रस्ता एकदाच दिसला, तो 1990 साली. 2 ऑगस्टला इराकने कुवेत घेतला, आणि तिथले भारतीय मिळेल त्या बसने बगदादमार्गे जॉर्डनकडे निघाले. हजार किलोमीटरच्या वर वाळवंट, भर उन्हाळ्यात. अम्मानहून विमानांनी सुमारे 1 लाख 70 हजार माणसे मायदेशी आणली गेली. त्या बसमध्ये बसलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्या रस्त्याविषयी विचारले तर ते एवढेच सांगतात, ‘पाणी पुरवून पुरवून प्यालो.’ आज त्यांच्या मुलाचा फोटो आला की ते पहिल्यांदा गाडीच्या मागच्या काचेकडे पाहतात. पाण्याचे डबे आहेत की नाहीत म्हणून. अशा माणसाला ‘वीकेंड’ या शब्दाचा राग आला तर त्याला जुनाट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या रस्त्याने बाप जीव मुठीत धरून गेला, तशाच रस्त्याने मुलगा गाणी म्हणत जातो, ही बापाच्याच कष्टांची कमाई नव्हे काय?

बरे, ही मंडळी जातात तरी कुठे? मोठ्या मॉलांची हौस पहिल्या सहा महिन्यांत फिटते. मग डोंगर आठवतो. दुबईच्या पूर्वेला हजर पर्वताची ओळ आहे. 2019 साली शारजाहून खोरफक्कानपर्यंत पाच बोगद्यांतून जाणारा मोठा रस्ता खुला झाला, आणि पलीकडचा समुद्र जवळ आला. भल्या पहाटे निघायचे, बोगदे ओलांडायचे आणि उजाडण्यापूर्वी खोरफक्कानच्या वाळूवर जाऊन बसायचे. बरोबर कुणीतरी गावाहून आणलेली आगाशीची सुकेळी असतात. राजेळी केळी सुकवून केलेली ही सुकेळी पोटाला आधार देतात आणि हात चिकट करून भांडणही लावतात.

तिथे एक गंमत होते. आपल्या राजोडी-कळंबला लहानपणापासून सूर्य समुद्रात बुडताना पाहिलेला असतो. तिथे तो समुद्रातून वर येतो. पुढे ओमानचे आखात, ते जाऊन मिळते आपल्याच अरबी समुद्राला. गाव आग्नेयेला, त्याच पाण्याच्या दुसऱ्या काठावर. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे ही मुले उगवता सूर्य पाहत असतात तेव्हा त्यांची आई पहिला चहा संपवून दुसऱ्या कामाला लागलेली असते. फोटो त्याच वेळी का येतो, याचे कारण मला तरी दुसरे दिसत नाही.

हे पाणी काही आजच ओळखीचे झालेले नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या सोपाऱ्याचे नाव आहे. खोरफक्कान 1507 साली अल्बुकर्कच्या पोर्तुगीजांनी जाळले. त्याच पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली, ती 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी परत घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. आडनावात पोर्तुगाल घेऊन फिरणारी वसईची मुले खोरफक्कानच्या वाळूवर सुकेळी खात बसतात, तेव्हा इतिहासाने मिशीत हसावे अशीच ती घटका असते.

आता काळजीचे बोलतो. काळजी करावयाचीच तर ती गाडीच्या भाड्याची करू नये, वादीची करावी. अरबीत ‘वादी’ म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. आपल्या ‘वाडी’शी या शब्दाचे नाते काही नाही, पण वसईच्या कानाला तो घरचा वाटतो आणि तिथेच घात होतो. वाडी म्हणजे केळी, पानवेल, मोगरा, सावली. वादी म्हणजे गोट्यांचा रस्ता. एरवी त्यातून मोटार नेता येते, तंबू ठोकता येतो. पण त्या डोंगरांवर माती नाही, झाड नाही. वर कुठे तासभर पाऊस पडला की सगळे पाणी खडकावरून घसरत एकदम खाली येते. आपण उभे असतो तिथे आभाळ निरभ्रही असते. जुलैतल्या वसईत कमरेइतक्या पाण्यातून शाळेत गेलेला मुलगा म्हणतो, ‘एवढेसे तर पाणी!’ ज्याला पाण्याची सवय आहे, त्यालाच तिथे अधिक धोका. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळ एका दिवसात 254.8 मिलिमीटर पाऊस झाला, 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. आपल्याकडे इतक्या पावसाला ‘बरा पडला’ म्हणतील. तिकडे रस्त्यांवर मोटारी तरंगल्या. पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याला 2023 पासून 2000 दिरहम दंड आहे, परवान्यावर 23 गुण चढतात आणि गाडी 60 दिवस जप्त होते. तेव्हा वडिलांनी फोनवर विचारायचेच असेल तर ‘डोंगरावर ढग आहेत का?’ असे विचारावे.

याच डोंगरांत, हत्ताच्या बाजूला, खजुराच्या बागा आहेत, आणि त्यांतून पाण्याचे अरुंद पाट खेळवलेले असतात. त्या व्यवस्थेला ‘फलज’ म्हणतात. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने, रहाटाविना आणि पंपाविना बागेपर्यंत आणायचे आणि वेळेच्या हिशेबाने वाटून घ्यायचे. शेजारच्या ओमानात दिवसा सूर्याच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळ्या मोजीत. तिथले पाच फलज 2006 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले.

वटारच्या एका मुलाने मागे अशाच एका पाटाचा फोटो घरी पाठविला. या खेपेस फोटोत माणूस एकही नव्हता. खजुराची सावली आणि पाटातले पाणी एवढेच. आईवडिलांना त्यात विशेष काही दिसले नाही. आजीने मात्र फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि बराच वेळ पाहिले. तिचे अर्धे आयुष्य रहाटाच्या पाण्यावर आणि शेजाऱ्याशी पाळीवरून भांडण्यात गेलेले. तिने नातवाला फोन लावायला सांगितले आणि विचारले, ‘पाटात पाला साचला तर काढतो कोण? ज्याची पाळी तो, की वरच्या अंगाचा?’

नातवाला ते ठाऊक नव्हते. पुढच्या सुट्टीत तिथल्या म्हाताऱ्याला विचारून सांगतो, म्हणाला.