बियाण्याच्या पिशवीवर तारीख असते, फोनच्या डब्यावर का नाही?

आपलं जालना बियाण्यांचं गाव. इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात बियाण्याची पिशवी उलटी करून बघा, तपासणीची तारीख आणि मुदत कधी संपते ते छापलेलं असतं. शेजारच्या मोबाईल शॉपीत बारा हजारांचा फोन घ्या. डब्यावर किंमत असते, बनवल्याचा महिना असतो. पण आतलं अँड्रॉइड कंपनी कधीपर्यंत सांभाळणार, हे काही लिहिलेलं नसतं.

अँड्रॉइडलाही आयुष्य असतं, मित्रांनो. अँड्रॉइड ८ ऑगस्ट २०१७ मध्ये आलं आणि २०२१ संपायच्या आत गूगलनं त्याचे सुरक्षा अपडेट थांबवले. हे घड्याळ तुम्ही फोन घेता त्या दिवसापासून चालू होत नाही, त्याच्या आधीच चालू झालेलं असतं. म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये 'स्वस्तात पडलं' म्हणून घेतलेलं दोन वर्षं जुनं मॉडेल निम्मं वय दुकानातच घालवून आलेलं असतं! फोन लगेच बंद पडत नाही, तीच तर गोम आहे. आधी अपडेट थांबतात, मग एकेक ॲप हात वर करतं. २०१३ च्या किटकॅटवर व्हॉट्सॲप १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. काच शाबूत, बॅटरी बरी, तरी फोन कुचकामी.

कोणी म्हणेल, नवा घ्या की. ज्याला परवडतं त्यानं घ्यावा. पण ई-पीक पाहणी २०२१ पासून ॲपवर आली, बँक फोनवर आली. फोन आता शेतीचं अवजार झालाय, आणि दर तीन वर्षांनी अवजार बदलणं सोयाबीनच्या भावात बसत नाही. सरकारी फोनांचं काय झालं तेही आठवा. २०१९ च्या सुमारास अंगणवाडी ताईंना दिलेले फोन पोषण ट्रॅकरचा भार झेपेना म्हणून त्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर परत केले.

युरोपनं जून २०२५ पासून नियम केलाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट. आपल्याकडं सात वर्षांचं वचन मिळतं, पण महागड्या फोनांना. ज्याला जास्त टिकायला हवा त्याच्याच फोनाचं आयुष्य कमी, हा कुठला न्याय? एवढं सगळं नको, निदान डब्यावर एक ओळ छापा: 'सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत.' ग्राहक मंत्रालयाला हे अवघड नाही.

तोवर सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन' उघडा. शेवटचा सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे ते बघा आणि खाली कमेंटमध्ये टाका.