सही माझी, निर्णय त्यांचा

स्लॅब ओतून सहा दिवस झाले होते. गाळा पाच मीटरचा. रात्री साडेनऊला प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला, "उद्या सेंट्रिंग खोल. माल वरच्या मजल्याला लागतोय."

साध्या सिमेंटचा स्लॅब आणि गाळा ४.५ मीटरपेक्षा मोठा असेल, तर टेकू १४ दिवस ठेवायचे, असं आयएस ४५६ सांगतं. मी म्हटलं, "सर, हे ग्रुपवर टाकाल का?" फोन कट. एरवी हाच माणूस सकाळी सातला ग्रुपवर हजेरीचे फोटो मागतो.

सकाळी टेकू निघाले. रजिस्टरमध्ये स्लॅबची तारीख आठवडाभर मागे गेली. खाली सही माझी.

स्लॅब पडला नाही. आता तेच मला ऐकवतात, "बघ, झालं का काही?" काही झालं नाही, कारण नशीब बरं होतं. नशीब म्हणजे क्वालिटी कंट्रोल नव्हे.

उशिराला दंड असतो, बिलं महिनोन्महिने अडकतात, टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला जातं, हे मलाही कळतं. पण या अडचणींची किंमत कोण मोजतो? क्लायंट कंपनीवर ढकलतो, कंपनी सबकॉन्ट्रॅक्टरवर, तो मुकादमावर. शेवटी स्लॅबखाली उभा असतो बिगारी आणि कागदावर उभा असतो नुकताच डिप्लोमा झालेला पोरगा. ज्याने ठरवलं त्याचं नाव कुठेच नसतं. आमच्याकडे यालाच 'साइट मॅनेज करणं' म्हणतात आणि त्यावर प्रमोशन मिळतं.

माझी मागणी साधी आहे. जो ठरवतो, त्यानेच सही करावी.

तोवर, पहिल्या नोकरीत असाल तर एवढं करा. तोंडी आदेश आला की मेसेज टाका, "सर, उद्या टेकू काढायला सांगितलंत. सातवाच दिवस आहे. काढायचे का, इथे लिहून कळवा." आणि उत्तर येईपर्यंत पेन खिशात ठेवा.

त्यानंतर मी दोनदा असं केलं. एकदा टेकू जागेवर राहिले. दुसऱ्यांदा माझी बदली झाली. पण त्या दोन्ही रात्री मला झोप लागली. पहिल्या सहीनंतर पाऊस आला की मी अजून त्या स्लॅबचाच विचार करतो.