विश्लेषण : एक मोठा मॉनिटर की दोन लहान? गावातल्या सेवा केंद्राला काय परवडते?

संगणकाच्या ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे एकच मोठा मॉनिटर घ्यावा की दोन लहान, हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ शकतो. अमरावती-नागपूर महामार्गावरील गुरुकुंज मोझरीसारख्या (ता. तिवसा) गावात तो हौसेचा प्रश्न नाही. तिथल्या सेवा केंद्राच्या टेबलाच्या एका बाजूला ऑपरेटर असतो, तर दुसऱ्या बाजूला कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेला शेतकरी. अर्जात गट क्रमांकाचा एक आकडा चुकला, तरी शेतकऱ्याची फेरी वाया जाते.

करात नेमके काय बदलले?

१ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के कर आहे. त्याहून मोठ्यांवर मात्र २८ टक्के कर कायम होता. तो फरक आता संपला. करापूर्वी २० हजार रुपये किंमत असलेला ३४ इंची मॉनिटर पूर्वी २५,६०० रुपयांना पडत असे, आता २३,६०० रुपयांना पडेल. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट पूर्वीही मिळू शकत होती. खरा फायदा नोंदणी नसलेल्या लहान केंद्रचालकाला आणि घरगुती ग्राहकाला आहे.

इंचांचे गणित कसे फसवते?

मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. त्यामुळे ३२ इंच म्हणजे २४ इंचांपेक्षा फार मोठे, असा समज होतो. प्रत्यक्षात २४ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ सुमारे २४६ चौरस इंच असते, दोघांचे मिळून ४९२. एका ३२ इंची मॉनिटरचे ते सुमारे ४३७ चौरस इंच भरते. म्हणजे दोन लहान मिळून जागा जास्त देतात.

दुसरा मुद्दा पिक्सेलचा. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, तर फोर-के मॉनिटरवर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. पण ३२ इंचांच्या फोर-के मॉनिटरवर अक्षरे इतकी बारीक दिसतात, की मराठीतील काना-मात्रा, अनुस्वार वाचताना डोळे ताणावे लागतात. म्हणून अक्षरांचा आकार दीडपट केला जातो. अक्षरे ठसठशीत दिसतात, पण एका वेळी मावणारा मजकूर तेवढाच कमी होतो.

सेवा केंद्राचे काम वेगळे कसे?

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. अशा नोंदणीत आधारवरील नाव, सातबाऱ्यावरील नाव आणि गट क्रमांक जुळवावे लागतात. एका बाजूला सातबारा आणि दुसऱ्या बाजूला अर्ज असेल, तर ही जुळणी नजरेने होते. एकाच लहान मॉनिटरवर मात्र खिडक्या सतत बदलाव्या लागतात, आकडा डोक्यात धरून टंकावा लागतो. चूक होते ती इथेच.

दुसरा मॉनिटर कोणासाठी?

आधार नोंदणी केंद्रात ऑपरेटरच्या मॉनिटरशिवाय नागरिकाकडे तोंड केलेला वेगळा मॉनिटर लागतो. भरलेली माहिती ज्याची आहे त्यानेच ती तपासावी, हा त्यामागचा हेतू. हीच पद्धत इतर अर्जांनाही लागू पडते. नावातील ऱ्हस्व-दीर्घ किंवा बँक खात्याचा आकडा शेतकऱ्याने ‘सबमिट’च्या आधीच पाहिला, तर चूक टेबलावरच सुधारते. मॉनिटर कितीही मोठा असला, तरी तो एका वेळी एकाच दिशेला तोंड करतो.

यात एक खबरदारी हवी. दुसरा मॉनिटर ‘डुप्लिकेट’वर ठेवला, तर ऑपरेटरपुढचे सगळेच समोरच्याला दिसते, आधीच्या माणसाची कागदपत्रेही. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास फक्त संबंधित अर्ज पलीकडे सरकवता येतो. विंडोज आणि ‘पी’ ही बटणे एकत्र दाबली की हा पर्याय समोर येतो.

मोठा मॉनिटर केव्हा योग्य?

काम एकाच माणसाचे आणि सलग असेल तेव्हा. लग्नपत्रिका व फ्लेक्सची रचना, व्हिडिओ जोडणी, लांबलचक हिशेबाचा तक्ता यांत मधली कड अडचणीची ठरते. मात्र जुन्या संगणकाची एचडीएमआय जोडणी फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळाच पाठवू शकते. मग माउसचा बाण अडखळत फिरतो. खरेदीपूर्वी हे तपासलेले बरे.

वीज, टेबल आणि बिघाडाचे काय?

दोन २४ इंची आणि एक ३२ इंची मॉनिटर यांच्या विजेच्या वापरात साधारणपणे फार तफावत नसते. टेबलाचा फरक मात्र मोठा. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरना सुमारे साडेतीन फूट रुंदी लागते, ३२ इंचीला सव्वादोन ते अडीच फूट. बिघाडात दोन मॉनिटर उजवे ठरतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम सुरू राहते. एकुलता मोठा बिघडला, तर तो दुरुस्त होईपर्यंत केंद्र ठप्प.

मग घ्यावे काय?

आधी इंच नव्हे, पाहणारे डोळे मोजावेत. एकाच माणसाने एकच मोठे काम पाहायचे असेल, तर मोठा मॉनिटर. दोन कागद जुळवायचे असतील किंवा दोन माणसांनी पाहायचे असेल, तर दोन लहान. सेवा केंद्रासाठी ऑपरेटरसमोर २४ किंवा २७ इंची आणि नागरिकाकडे तोंड केलेला एक साधा लहान मॉनिटर पुरेसा आहे. जुना, चालू स्थितीतला असला तरी चालेल. करकपातीत वाचणाऱ्या दोन हजारांपेक्षा शेतकऱ्याची वाचणारी फेरी अधिक मोलाची.