ताटातलं विष आणि शेतातला बंगला

हल्ली आमच्या गोव्यात 'घरच्यांना सकस, विषमुक्त खायला घाला' असा उपदेश करणाऱ्यांचं पीक भातापेक्षा जोमात आलं आहे. उपदेश कुणाला? अर्थात स्वयंपाक करणाऱ्या बाईला. तिने सेंद्रिय डाळ आणावी, ओट्स आणावेत, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी. घरात कुणाला मधुमेह झाला की दोष तिच्या हाताचा. मला या उपदेशाचा मनापासून वीट आला आहे. प्रश्न जमिनीचा आहे आणि उत्तर दुकानाच्या फळीवर शोधायला सांगितलं जातं.

आपल्या रोजच्या पेजेचंच बघा. भात टरफलासकट उकडला की कोंड्याकडचं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्याशुभ्र सुरय तांदळापेक्षा सकस. खाजनातलं कोरगुट भात खाऱ्या जमिनीतही तग धरतं, नदीच्या गाळावर पोसतं, त्याला खताची पोती फारशी लागत नाहीत. पर्यावरणाला धरून असलेलं अन्न म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आता हे खाजन मरतं कसं तेही बघा. बांध आणि मानस राखण्याचं काम एके काळी गावकारीचं होतं, पुढे ते कूळ संघटनांकडे गेलं. बांध फुटतो, वेळेवर कुणी बांधत नाही, खारं पाणी आत शिरतं. चार वर्षं शेत पडीक राहतं. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, 'इथे तसंही काही पिकत नाही.' पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.

2006-07 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला प्रादेशिक आराखडा 2011 मागे घ्यावा लागला. त्यातून राज्यकर्ते धडा शिकले तो असा, की आख्खा आराखडा बदलून लोकांना जागं करू नये. नगर नियोजन कायद्यात 2023 साली 17(2) आणि 2024 साली 39अ ही कलमं आली. एकेका सर्व्हे नंबराचा झोन बदलायची वाट मोकळी झाली. 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाने 2025 मध्ये रद्द केले, ते लोक कोर्टात गेले म्हणून. गंमत म्हणजे भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदाही त्याच 2023 सालचा. एका हाताने वई घालायची, दुसऱ्या हाताने फाटक उघडायचं!

भाजीची कथा निराळी नाही. ती बहुतेक बेळगावहून येते. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरच्या भाजीला मी नावं ठेवणार नाही. मजुरी करणाऱ्या घराला कोबी परवडतो तो तिथेच. बेळगावचा शेतकरीही आपलाच माणूस. पण त्याच्या मळ्यात काय फवारलं, कधी फवारलं, यावर आपला काडीचा ताबा नाही. तांबडी भाजी, सात शिरांचे भेंडे घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या बाईला निदान विचारता तरी येतं. तिच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे आणि मॉलमध्ये 'ऑरगॅनिक' चिठ्ठी पाहून मुकाट पैसे मोजणारे लोक मात्र एकच.

मासळीचं तर विचारूच नका. जुलै 2018 मध्ये फॉर्मेलिनचा गवगवा झाला, सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली. आपण संतापलो. पण तो महिना कुठला होता? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा तो काळ. आपल्या वाडवडिलांनी याच दिवसांसाठी पुरुमेंत केलं: सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं. पाऊस पडला की ताखळा, कुड्डुकेची भाजी. आपल्याला आषाढातही ताजा इसवण पाहिजे. मग तो बर्फातून परराज्यातून येणार आणि टिकावा म्हणून त्याला कुणी काय लावलं याची धास्ती सोबत येणार.

'पण गोव्यात शेती परवडत नाही,' हे उत्तर तयार असतंच. खरं आहे. मजूर मिळत नाही, वाफे तुकड्या-तुकड्यांचे, गवे आणि माकडं वेगळीच. पण टेकडीवरच्या वसाहतीला पाणी, वीज, रस्ता पोचवताना परवडतं का, असं कुणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त बांधाला दोन टोपल्या माती घालताना आठवतो.

म्हणून ज्यांना घरच्यांच्या ताटाची खरोखर काळजी आहे त्यांनी, विशेषतः घरातल्या पुरुषांनी, बाईला आणखी एक पथ्याची यादी देऊ नये. पुढच्या रविवारी ग्रामसभा असेल तर तिथे जावं. गावातला कुठला बांध फुटला आहे, त्याच्या दुरुस्तीचं काय झालं आणि कुठल्या शेताचा झोन बदलायचा अर्ज पडला आहे, एवढे तीन प्रश्न उभं राहून विचारावेत. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नये.