तळ्याकाठचा मुक्काम

हवापालटास कोठे जावे, हा प्रश्न सुट्टी जवळ आली म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात निघतो, आणि विदर्भातील कुटुंबांत त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. ज्यांना उंचावरची हवा पाहिजे ते चिखलदऱ्यास किंवा पचमढीस जातात. ज्यांना वाघ पाहिजे ते ताडोबास जातात. तळ्याकाठी चार दिवस नुसते राहावे, ही कल्पना मात्र आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. गेल्या पौषात आम्ही ती अमलात आणली. तिचे श्रेय आमचे नसून आमच्या चुलतबंधूंच्या नातवाचे आहे. तो टोरांटो येथे नोकरीस असतो, आणि यंदा बायकामुलांसह महिनाभर घरी आला होता.

कॅनडात, टोरांटोच्या उत्तरेस, मस्कोका व हॅलिबर्टन नावाचे प्रदेश आहेत. तेथे सरोवरे अगणित, आणि सरोवराकाठी लाकडी घरे. त्यांना कॉटेज म्हणतात. उन्हाळा आला की शहरातील कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे लोटतात. एखादे लहानसे गाव, एकच मोठा रस्ता, सरोवरात शिरलेला लाकडी धक्का, होड्या, संध्याकाळी धक्क्यावर बसून आइसक्रीम खाणारी माणसे. ग्रेव्हनहर्स्ट नावाच्या गावाहून १८८७ साली बांधलेली एक आगबोट आजही प्रवाशांना घेऊन फिरते, असे या मुलाने सांगितले. हे सर्व ऐकून आमच्या वहिनींनी रास्त प्रश्न केला, "आणि तिथे आठ दिवस करता तरी काय?" मुलगा म्हणाला, "काही नाही, आजी. पाण्याकडे बघतो." वहिनींचे समाधान झाले नाही, पण असे पाणी आपल्याकडे कोठे दाखवावे, हा विचार आमच्या मनात घोळू लागला, आणि घोडाझरीचे नाव पुढे आले.

नागपुराहून उमरेड, भिवापूर या वाटेने नागभीडास जावयाचे. भिवापुरास मिरची घ्यावी. तिची कीर्ती सार्थ आहे. या वाटेवर पूर्वी लहान रुळांची आगगाडी होती. ती इतकी सावकाश चाले की, उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येते, असा विनोद आमच्या विद्यार्थ्यांत होता. २०१९ साली, रूळ रुंद करावयाचे म्हणून, ती बंद झाली. नागभीड हे तालुक्याचे गाव गोंदियाहून बल्लारपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. गाव पाहावयास म्हणून कोणी येणार नाही, पण माणसे मोकळी आहेत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी आम्ही नऊजण उतरलो, आणि त्या माउलीच्या कपाळाला आठी पडली नाही. पौष महिना म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचे दिवस. रात्री दूरच्या गावाहून ध्वनिक्षेपकाचा आवाज पहाटेपर्यंत येत होता. टोरांटोची मुले त्या आवाजात स्वस्थ झोपली. आम्हांला मात्र झोप आली नाही.

घोडाझरीचे तळे नागभीडपासून थोड्या अंतरावर, टेकड्यांच्या कुशीत आहे. पाळीवर चढून गेल्याखेरीज ते दिसत नाही, आणि चढल्यावर एकदम सगळेच दिसते. भोवती सागाचे व मिश्र झाडांचे रान, मध्ये निळसर-काळे पाणी, आणि सकाळच्या वेळी त्यावर धुके. या रानाला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला; त्याचे क्षेत्र सुमारे १५९ चौरस किलोमीटर आहे. एक तास कोणी बोलले नाही. आमच्या वहिनीही बोलल्या नाहीत, हे विशेष.

मग त्या मुलांपैकी धाकट्याने विचारले, "हे कुणी केलं?" त्याच्या बापाने हसून सांगितले की, तळी कोणी करीत नसते. कॅनडातील त्याच्या सरोवरांपुरते ते खरेही आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपलेल्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी तेथील खडक खरवडून काढला, आणि त्या खळग्यांत पाणी साठले. माणूस नंतर आला व काठावर बसला. पण झाडीपट्टीत हे उत्तर चालत नाही. येथे जवळजवळ प्रत्येक तळ्याला एक बाजू अशी असते की जी निसर्गाने केलेली नाही. त्या बाजूला पाळ म्हणतात. आम्ही नेमके तिच्यावरच उभे होतो.

संस्कृतात ह्रद आणि तडाग असे दोन निराळे शब्द आहेत. ह्रद आपोआप झालेला, तडाग केलेला. इष्ट आणि पूर्त या जोडीतील पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवळे, बागा लोकांकरिता करणे. यज्ञयागाच्या बरोबरीने त्याची गणना केलेली आहे. सतराव्या शतकात काशीस नीलकंठभट्टांनी जे बारा मयूख लिहिले, त्यांतील उत्सर्गमयूख हा सबंध ग्रंथ या विषयावर आहे. तळे बांधून झाले की विधिपूर्वक त्याचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे ते सर्व प्राणिमात्रांना सोडून द्यावयाचे. त्या क्षणापासून बांधणाऱ्याचे त्याच्यावरील स्वामित्व संपते. तळे खोदण्यापेक्षा हे सोडणे अवघड, असे आम्हांला वाटते, आणि जुन्या मालगुजार घराण्यांतील आमच्या वाचकांना त्याचे कारण सांगावयास नको.

घोडाझरीचे तळे सरकारने बांधले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांत भाजून निघाला. १९०१ साली पाटबंधाऱ्यांचा विचार करण्यासाठी आयोग नेमला गेला, आणि त्यानंतर गेल्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत चांदा जिल्ह्यात घोडाझरी, आसोलामेंढा, नलेश्वर ही मोठी तळी झाली. हेतू एकच, की हस्ताचा पाऊस चुकला तर धान वाळू नये. परंतु ही विद्या इंग्रजांनी येथे आणली नाही. चांद्याच्या गोंड राजांचा नियम असा होता की, जो रान तोडून गाव वसवील व तळे बांधील, त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यावी. अशा देणगीला तुकूम म्हणत; चंद्रपूर शहरात त्या नावाची वस्ती आजही आहे. तळी बांधण्यात निष्णात असे कोहळी लोक भंडारा-चांद्याकडे पिढ्यानुपिढ्या राहत आले आहेत. पाण्याचा उतार ते डोळ्याने ओळखीत. पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जास्तीचे पाणी निघून जाण्याची सलंग, यांची जागा त्यांनी ठरवावी आणि गावाने माती वाहावी. मोठ्या तळ्याच्या खाली लहान बोड्या असत. वरच्याचे वाहून गेलेले पाणी खालच्याने धरावयाचे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि १९८२ साली चांद्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या पाच जिल्ह्यांत मिळून अशी सहा हजारांहून अधिक तळी आहेत. सरकारी कागदांत त्यांना "माजी मालगुजारी तलाव" म्हणतात, आणि लोक त्याचे "मामा तलाव" करून मोकळे झाले आहेत.

या नावातील "माजी" शब्द १९५१ चा. त्या वर्षीच्या ३१ मार्चपासून मालगुजारी संपली आणि तळी सरकारजमा झाली. अनेक घरांत ही हकीकत अजून दुःखाने सांगितली जाते. आजोबांनी बांधलेले तळे एका कागदाने गेले, असे सांगणारे आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. आमचे मत निराळे आहे, आणि ते आम्ही येथे स्पष्ट लिहितो. आजोबांनी पैसा घातला असेल. माती त्यांनी वाहिली नाही. ज्यांनी वाहिली, ते पाण्यासाठी मालगुजाराच्या ओसरीवर हात जोडून उभे राहत. ते संपले हे न्यायाचे झाले. परंतु त्याबरोबर एक दुसरी गोष्टही संपली. वैशाखात पाळीवर फिरून भोके बुजविणे, पाळीवरची झुडपे काढणे, गाळ उपसून शेतात टाकणे, ही कामे गावाकडून करवून घेणारा माणूस नाहीसा झाला. तळ्याचा मालक गेला. तळ्याचा काळजीवाहू कोणी झाला नाही. आधी सरकार, मग जिल्हा परिषद, असे कागद फिरत राहिले आणि तळी गाळाने उथळ होत गेली. आमच्या परिचयाच्या एका गावात तर आटलेल्या पोटात घरे उठली, आणि पावसाळ्यात पाणी आपली जागा शोधीत आले तेव्हा लोक पाण्यालाच दोष देऊ लागले. नीलकंठभट्टांच्या काळी उत्सर्ग केलेल्या तळ्याची डागडुजी करणाऱ्यालाही पुण्य सांगितलेले असे. आपल्या कायद्यात ते कलम राहून गेले.

पाळीच्या दुसऱ्या अंगास उतरून आम्ही कालव्याकाठी बरेच चाललो. टेकड्यांचे चित्र तेथे संपते, आणि बांध्याच बांध्या सुरू होतात. धान कापून झाले होते. कोठे हरभरा, कोठे लाखोरी. एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांची जमीन कालव्याच्या अगदी शेवटास. पाणी केव्हा सोडतात, असे आम्ही विचारले. "सोडतेत गुरुजी, पण आमच्यापावेतो येत नाही," एवढेच ते म्हणाले, आणि बिडी पेटविण्यात गुंतले. २००५ साली कायदा होऊन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कालव्याचा कारभार आपल्या हाती घेण्याची वाट मोकळी झाली आहे. तथापि वरच्याचे पोट भरल्यावर खालच्याला द्यावयाचे, ही रीत कायद्यापेक्षा जुनी. धान निसवण्याच्या दिवसांत, आश्विनात, एक पाणी मिळाले तर पीक, नाही तर पेंढा.

त्या वेळी टोरांटोच्या मुलाने एक मौजेची गोष्ट सांगितली. हॅलिबर्टनकडची पुष्कळ सरोवरे निसर्गाने केलेली असली तरी, त्यांच्या तोंडाशी गेल्या-मागल्या शतकात बांध घालून त्यांचा पाणीसाठा वाढविलेला आहे. ट्रेंट-सेव्हर्न नावाचा होड्यांचा लांबलचक जलमार्ग, जो १९२० साली टोकापासून टोकापर्यंत पुरा झाला, त्याला लागणारे पाणी तेथून सोडतात. मग ऐन उन्हाळ्यात सरोवर खाली जाते, धक्का चिखलात उभा राहतो, आणि कॉटेजवाले तक्रार करतात की आमचे पाणी गेले. ते पाणी त्यांचे कधी नव्हतेच, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "तिकडे हे बोलू नका, आजोबा." दूरच्या गरजेसाठी साठविलेले पाणी काठावर बसणाऱ्याला आपले वाटू लागते, माणसाचा स्वभाव अक्षांश पाहून बदलत नाही असे दिसते. फरक एवढाच की, तेथे खाली होडी अडते, येथे जेवण अडते.

आणि ते जेवण आपल्या ताटातले आहे. आपण ज्याला एचएमटी तांदूळ म्हणतो, तो याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. चार बुके शिकलेला, दीड एकराचा हा शेतकरी. १९८० नंतरच्या दशकात आपल्या धानात त्याला काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्याने वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि बारीक, चवदार वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला पडले. पुढे या तांदळावर अनेकांनी पैसा केला. दादाजींच्या हाती त्यातले फारच थोडे आले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि २०१८ साली ते वारले. नागपुरातील किती घरांत त्यांचे नाव माहीत असेल, याची आम्हांला शंका आहे.

येथे जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली पाण्याविषयी. घोडाझरीत २०२३ च्या जुलैत चार तरुण आणि २०२५ च्या मार्चात पाच तरुण बुडाले. काठ उथळ दिसतो आणि दोन पावलांवर खोल होतो. तेव्हा मुलांना पाण्यात उतरू देऊ नये; वडीलधाऱ्यांनी गप्पांत रमून पोरांवरची नजर काढू नये, आणि मोठ्या मुलांस पोहता येते एवढ्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट, फराळाच्या पत्रावळी व कागद परत आणावेत. पाळीवर टाकलेले सर्व पाण्यात जाते, आणि त्याच पाण्यात ढिवरांची जाळी असतात. एका ढिवराने आमच्यासमोर जाळे काढले तेव्हा त्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या अधिक होत्या. तो काही बोलला नाही. एकेक पिशवी सोडवून काठावर ठेवीत गेला.

नागभीडच्या बाजारातून आम्ही दहा किलो एचएमटी घेतला. आमच्या वहिनींनी तो सुपात पसरून निवडावयास घेतला तेव्हा धाकटा मुलगा शेजारी बसून, हे त्या तळ्याचे पाणी का, असे विचारीत होता, आणि वहिनी त्याला, "हो, वाळवलेलं," म्हणून सांगत होत्या.